आत्याचा दोन मण तांदूळ

भाताची मळणी आटोपली, गिरणीतून तांदूळ घरी आला की त्यातला एक वाटा दरवर्षी आत्याच्या गावी जातो. मला कळू लागल्यापासून मी हे बघत आलो आहे. आत्याचे यजमान १९७४ साली वारले, पदरात दोन लहान मुलं. तेव्हा आमच्या आजोबांनी दहा माणसांत शब्द दिला होता, ‘लेकीला दरसाल दोन मण तांदूळ घरातून जाईल.’ कागद नाही, सही नाही. आजोबा गेले, त्यांच्यामागे वडिलांनी तो शब्द पाळला. खानापूर तालुक्यातलं आमचं घर भाताचं, त्यामुळे दोन मण म्हणजे काही डोंगर नव्हे. पण आत्याला त्या तांदळाचं मोल वेगळंच. ‘माहेरचा तांदूळ’ म्हणून ती सणावाराला वेगळा काढून ठेवते.

दोन वर्षांपूर्वी वडील गेले आणि सगळा कारभार माझ्या थोरल्या भावाकडे, दादाकडे आला. दादा व्यवहाराला चोख. कुणाचा एक रुपया ठेवणार नाही आणि सोडणारही नाही. सुगी झाल्यावर त्याने नव्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पंचाहत्तर किलो तांदूळ मोजला, दोन पिशव्यांत भरला आणि टेंपोतून आत्याकडे पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी त्याच टेंपोतून पिशव्या परत आल्या. सोबत निरोप, ‘एवढ्याची मला गरज नाही म्हणावं.’

मग फोन झाले, रुसवे झाले. आत्या म्हणाली, “माझ्या बापानं दिलेलं तुम्ही निम्म्यावर आणलंत. द्यायचं नसेल तर सरळ सांगा की, मोजून अपमान कशाला?” दादा म्हणाला, “मी बरोब्बर दोन मण दिलेत. उलट साडेतीनशे ग्रॅम जास्तच आहेत.” संक्रांतीला आत्या आली नाही. पाडव्यालाही आली नाही. ऐंशीच्या घरातली बाई, आणि तिचं माहेर असं पिशवीभर तांदळावरून तुटावं, हे मला शहरात बसून बघवेना. मी इतिहास शिकवणारा माणूस, शास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. पण हे भांडण सोडवायला मला इतिहासाइतकीच नववीच्या शास्त्राच्या पुस्तकाची गरज पडेल, असं तेव्हा स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेलो. दादाने आधी त्याचा हिशोब पुढे केला. त्याच्याकडे एक जुनी डायरी आहे, तिच्या सुरुवातीच्या पानांवर कोष्टकं छापली आहेत. त्यात स्वच्छ लिहिलं आहे, एक मण म्हणजे ३७.३२ किलो. दोन मणांचे ७४.६४ किलो. दादाने पंचाहत्तर दिले. यात चूक काढायला जागाच नव्हती. आणि तरीही आत्या खोटं बोलणारी नाही, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. वडिलांच्या वेळी तिच्याकडे दोन मोठी पोती जात, पिशव्या नव्हेत, हे मला पक्कं आठवत होतं.

मी विचारलं, “आप्पा कसे द्यायचे?”

“पायलीनं,” वहिनी आतून म्हणाल्या. “सोळा आणि सोळा. मी पोत्याचं तोंड धरून उभी असायची की.”

तिथे गाठ सापडली. आपल्या जुन्या मोजमापांत शेर दोन होते आणि मणही दोन. एक शेर वजनाचा, तागडीतला. १८३३ साली कंपनी सरकारने तोळ्याचं वजन १८० ग्रेन ठरवलं. असे ऐंशी तोळे म्हणजे एक शेर आणि चाळीस शेरांचा एक मण. आजच्या भाषेत हा शेर ९३३ ग्रॅमचा आणि मण ३७.३२ किलोचा. दादाच्या डायरीतला मण हा. दुसरा शेर मापाचा. तो तागडीत बसत नाही, तो भांड्यात भरतो. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली, आणि आमच्या घरच्या हिशोबात सोळा पायल्यांचा एक मण. (काही गावांत बारा पायल्यांचा मण धरत. गाव बदललं की माप बदले, आणि सोयरीक जुळवताना यावरूनही वाद होत.) आजोबा शेतकरी. त्यांनी ‘दोन मण’ म्हटलं ते पायलीच्या मणाला. दादाने ऐकलं ते तागडीच्या मणाला. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आली, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने बाजारात किलोची वजनं आली, तागडीतला शेर-मण तेव्हाच संपला. पण घराघरांतली पायली कुणी मोडीत काढली नाही. ती कणगीशेजारी राहिली आणि तिच्यासोबत तिचा मणही राहिला.

तर प्रश्न असा उरला, की बत्तीस पायल्या तांदूळ म्हणजे किलो किती? दादा म्हणाला, “पायली म्हणजे चार शेर. शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. झाले पावणेचार किलो. बत्तीस पायल्यांचे एकशे वीस.” त्याच्या तोंडून एकशे वीस ऐकून वहिनींनी माझ्याकडे बघितलं. आकडा पंचाहत्तरवरून वर गेला होता हे खरं, पण गफलत तीच होती. मापाचा शेर आणि वजनाचा शेर यांना त्याने पुन्हा एक मानलं होतं.

माझी मुलगी नववीत आहे. ती म्हणाली, “काका, पायलीला वजन नसतंच. पायलीला आकारमान असतं. वजन तुम्ही आत काय भरता त्याला.”

दादा हसला. पण तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. पायलीत तांदूळ भरा, भात भरा, चुरमुरे भरा, पायली तीच. बेळगावच्या बाजारात चुरमुऱ्यांचं माणसाएवढं पोतं पोरगा एका हाताने उचलून दुकानात टाकतो, आणि तेवढ्याच पोत्यात तांदूळ असेल तर दोन हमाल लागतात. वस्तू किती जागा व्यापते ते तिचं आकारमान. तिच्यात द्रव्य किती ते वस्तुमान. आणि एवढ्याशा जागेत ते द्रव्य किती दाटीने भरलं आहे, ती घनता. वस्तुमानाला आकारमानाने भागलं की घनता मिळते. तिघांपैकी दोन माहीत असतील तर तिसरं आपोआप निघतं, आणि एकच माहीत असेल तर काहीच निघत नाही. दादाकडे फक्त आकारमान होतं, तेही शेराच्या नावाखाली वजनाचं सोंग घेतलेलं.

(वस्तुमान आणि वजन यांतही शास्त्रज्ञ फरक करतात. चंद्रावर नेलं तर आत्याच्या तांदळाचं वजन सहावा हिस्सा भरेल, वस्तुमान मात्र तेच राहील. पण आत्याचं गाव आमच्यापासून अकरा किलोमीटरवर आहे, म्हणून तो फरक इथे सोडून देतो.)

माळ्यावरून पायली काढली. पितळेची, पोचे आलेली, कडेला आजोबांच्या नावाचं अक्षर कोरलेलं. वहिनींनी चिंच लावून घासली. मुलीने पट्टी घेऊन आतला व्यास मोजला, १८ सेंटिमीटर. खोली १७.३. मग वहीत सूत्र मांडलं: त्रिज्या नऊ, नऊ नव्वे एक्क्याऐंशी, त्याला ३.१४ ने गुणलं, मग खोलीने गुणलं. उत्तर आलं ४,४०० घनसेंटिमीटर, म्हणजे चार लिटर चारशे मिलिलिटर.

दादाचा पट्टीवर विश्वास नाही, काट्यावर आहे. म्हणून दुसरा उपाय केला. रिकामी पायली काट्यावर ठेवून आधी धडा केला, मग ती काठोकाठ पाण्याने भरली. काट्याने दाखवलं ४ किलो ३८० ग्रॅम. हे पाण्याचं वजन आपल्याला फुकटात आकारमान सांगतं, आणि त्यामागे योगायोग नाही. फ्रान्समध्ये १७९० च्या दशकात दशमान पद्धत ठरवताना एक लिटर पाण्याच्या वस्तुमानावरच किलोग्रॅम बेतला गेला. पुढे पॅरिसजवळ जपून ठेवलेला धातूचा ठोकळा म्हणजे किलो अशी व्याख्या झाली, आणि २० मे २०१९ पासून तो ठोकळाही निवृत्त होऊन प्लांकच्या स्थिरांकावर किलोची व्याख्या बांधली आहे. पण घरच्या कामापुरतं लिटरभर पाणी म्हणजे एक किलो हे नातं अजून तसंच आहे. पट्टीच्या हिशोबात आणि काट्यात वीस ग्रॅमचा फरक का, असं मी नंतर आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, “खोली मोजताना एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर पंचवीस मिलिलिटरचा फरक पडतो. शिवाय मे महिन्यातलं पाणी. पाणी चार अंशाला सर्वांत दाट असतं, तापलं की थोडं पसरतं. वीस ग्रॅममध्ये बसलात म्हणजे मुलीला शाबासकी द्या.”

मग पायली कोरडी करून तांदूळ भरला. काठाबरोबर लाकडी पट्टी फिरवून सपाट केला. काटा: ३ किलो ६१० ग्रॅम.

इथे मुलीने एक शंका काढली आणि आम्ही तिघं मोठी माणसं गप्प बसलो. ती म्हणाली, “तांदूळ धुताना पाण्यात बुडतो. म्हणजे तो पाण्यापेक्षा दाट आहे. मग पायलीभर तांदूळ पायलीभर पाण्यापेक्षा हलका कसा?”

वाचकहो, उत्तर वाचण्याआधी घरी एक प्रयोग करून बघा. एक पेला काठोकाठ तांदळाने भरा. आता दुसऱ्या पेल्याने त्यात हळूहळू पाणी घाला. पेला ‘भरलेला’ आहे, तरीही पेल्याच्या जवळजवळ पाचातले दोन भाग पाणी त्यात मुकाट्याने मावतं. आम्ही पायलीत ओतलं तर पावणेदोन लिटरच्या वर गेलं, तेव्हा कुठे काठावर आलं. म्हणजे पायलीभर तांदळात पाचातले दोन भाग वाराच असतो! तांदळाचा एकेक दाणा पाण्याच्या सुमारे दीडपट घन, पण दाण्यादाण्यांमधल्या फटींमुळे ढिगाची घनता पाण्याहून कमी, लिटरला आठशे-साडेआठशे ग्रॅम. दाण्याची घनता वेगळी आणि ढिगाची घनता वेगळी. तुसासकट भात असेल तर ढीग आणखी हलका, लिटरला पाचशे-सहाशे ग्रॅम. म्हणून भाताची पायली देऊन तांदळाची पायली मागणाऱ्या सावकारांच्या गोष्टी आपल्याकडे आहेत.

आणि फटी आल्या की फटींची लबाडीही आली. दादाने गंमत म्हणून पायली भरताना दोन-तीनदा जमिनीवर आपटली, हाताने बडवली, वर पुन्हा तांदूळ घालून सपाट केला. काटा ३ किलो ९०० वर गेला. पायली तीच, तांदूळ तोच, जवळजवळ तीनशे ग्रॅम जास्त. घेणारा बडवून घेतो आणि देणारा उंचावरून अलगद सोडतो, ही कला मापाच्या जमान्यात प्रत्येकाला येत होती.

कला जुनीच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मोजमापांचा एक अख्खा अध्याय आहे. त्यात द्रोण नावाचं धान्याचं माप चार प्रकारचं सांगितलं आहे. सरकारी वसुलीचा द्रोण दोनशे पलांचा, व्यवहारातला साडेसत्याऐंशीवर शंभर, म्हणजे १८७½ पलांचा, नोकरचाकरांना धान्य द्यायचा १७५ चा आणि अंतःपुराला द्यायचा १६२½ चा. घ्यायचं माप मोठं, द्यायचं माप लहान, आणि तेही राजमान्य! मी वर्गात हा भाग शिकवतो तेव्हा पोरं हसतात. त्याच अध्यायात मापाच्या शिगेचाही विचार आहे. माप वाळलेल्या कठीण लाकडाचं करावं आणि शीग चौथ्या हिश्श्याची धरावी, किंवा ती मापाच्या आतच सामावून घ्यावी. इतक्या जुन्या काळी कुणीतरी शिगेवरून भांडलं असणार, त्याशिवाय हे लिहायची गरज पडली नसती.

कारण आमचंही भांडण शेवटी शिगेवरच येऊन थांबलं. आत्याला फोन लावला आणि सांगितलं, ‘पायली ३ किलो ६१० भरते.’ क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, “सपाट केलीत होय? माझा बाप लेकीला सपाट पायली घालेल?”

खरंच की. घरच्या माणसाला, देवाला, भिक्षेकऱ्याला शिगोशीग माप घालायची रीत. शीग म्हणजे काठावर आपोआप उभा राहणारा शंकू. तोही मोजता येतो, कारण तांदूळ ठराविक उतारापलीकडे चढत नाही, घसरतो. आमच्या पायलीवर शीग साडेपाच सेंटिमीटर उंच उभी राहिली. मुलीने शंकूचं सूत्र लावलं, ४६६ मिलिलिटर. काट्यावर शिगोशीग पायली: ३ किलो ९९० ग्रॅम. म्हणजे नुसती शीग ३८० ग्रॅमची. एका पायलीला मूठभर वाटते, पण बत्तीस पायल्यांना बारा किलो होते. सपाट मापाने आत्याचे होतात ११५ किलो आणि शिगेने पावणेएकशे अठ्ठावीस. दादाने पाठवले होते पंचाहत्तर. आत्याचं ‘निम्म्यावर आणलंत’ हे अगदी निम्मं नव्हतं, पण रागाच्या भरात बोललेल्या माणसाच्या मानाने ती बरीच जवळ होती.

दादा बराच वेळ वहीकडे बघत बसला. त्याला वाईट वाटलं ते फसवल्याचा आळ आला म्हणून नव्हे. आपण इतके चोख, आणि तरी चुकलो कसे, याचं. मी म्हटलं, “दादा, तुला हे माहीत आहे. तू दरवर्षी करतोस.” पेरणीआधी तो बियाण्याला मिठाचं पाणी देतो. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात भाताचं बी सोडायचं, ढवळायचं. पोचट आणि रोगट दाणे वर तरंगतात ते काढून टाकायचे, तळाशी बसलेले भरीव दाणे दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. साध्या पाण्यात अर्धवट भरलेले दाणेही बुडतात आणि चांगल्यांत मिसळून जातात. मिठाने पाण्याची घनता थोडी वाढते आणि ते अर्धवट दाणे उघडे पडतात. आकार सगळ्या दाण्यांचा सारखाच दिसतो, डोळ्यांनी निवड होत नाही. कृषी खात्याच्या पत्रकांतली ही शिफारस दादा वर्षानुवर्षं पाळतो आहे, फक्त तिला घनता म्हणतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. “असं होय,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच मोकळा हसला.

त्या चार दिवसांत आमच्या घरात या एकाच विषयाने धुमाकूळ घातला. बेळगावला परत आल्यावर सौ.ने स्वयंपाकघरातली तेलाची पिशवी माझ्यापुढे आपटली. “एक लिटर, ९१० ग्रॅम. हे मला आजवर फसवणूक वाटायचं.” ही फसवणूक नव्हे. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून तर ते आमटीवर तरंगतं. लिटरभर तेल किलोभर कधीच भरणार नाही. पण फसायची जागा दुसरीकडे आहे. तेलाचा डबा पंधरा किलोचाही मिळतो आणि पंधरा लिटरचाही. दोन्ही दिसायला सारखे, पण पंधरा लिटरच्या डब्यात तेल साडेतेरा किलोच्या आसपासच असतं. किंमत विचारताना किलो की लिटर हे आधी विचारावं. तापमानाचीही एक खोड आहे. सोयाबीनचं तेल २१ अंशाला लिटरमागे सुमारे ९१९ ग्रॅम भरतं आणि ६० अंशाला ८९३ च्या आत येतं. काही उत्पादक पाकिटावर लिटरचा आकडा चढ्या तापमानाचा म्हणून छापत, म्हणजे आत द्रव्य कमी भरलं तरी कागदोपत्री लिटर पुरा. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने सांगितलं, की तापमानाचा उल्लेख काढा आणि आकारमानाबरोबर वजनही छापा. त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंतची मुदत होती. पिशवीवरचा ग्रॅमचा आकडा वाचायचा तो यासाठी. लिटर तापतो, ग्रॅम तापत नाही.

दुधाचं प्रकरण आणखी नाजूक. डेअरीत दुधात तरंगवतात ते लॅक्टोमीटर म्हणजे घनतामापकच. गाईच्या चांगल्या दुधाची घनता साधारण १.०२८ ते १.०३२, म्हणजे पाण्यापेक्षा जराशीच जास्त. पाणी घातलं की ती उतरते आणि नळी खोल जाते. पण साय ही दुधापेक्षा हलकी. ती काढून घेतली की उरलेल्या दुधाची घनता वाढते! म्हणजे आधी साय काढायची, मग बेताने पाणी घालायचं, की नळी पुन्हा जागच्या जागी. म्हणून डेअरीवाले नळीवर थांबत नाहीत, फॅटही तपासतात. एकट्या घनतेच्या साक्षीवर निकाल देऊ नये, हे दूधवाल्यांनी शास्त्रज्ञांआधी ओळखलं असावं.

सोन्याचं तसंच. आर्किमिडीजची मुकुटाची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली आहे. ती लिहून ठेवणारा विट्रुवियस मात्र आर्किमिडीजनंतर दोनशे वर्षांनी झाला. सांडलेलं पाणी मोजून एवढा सूक्ष्म फरक कळेल का, ही शंका बावीस वर्षांच्या गॅलिलिओलाही आली. १५८६ साली त्याने पाण्यात बुडवून तोलायच्या तराजूवर एक छोटा निबंधच लिहिला. सोनं पाण्याच्या १९.३ पट घन आणि चांदी साडेदहापट, त्यामुळे भेसळ पकडता येते हे खरं. पण टंगस्टन नावाचा धातू १९.२५ पट घन आहे, तो आत दडवला तर हा तराजूही फसतो. आपल्याकडच्या आयाबायांना याहून साधी गोष्ट माहीत होती: पोकळ पाटल्यांत लाख भरलेली असते, हातात घेतल्या की ‘दिसण्याच्या मानाने हलक्या’ लागतात. या ‘दिसण्याच्या मानाने’मध्ये अख्खी घनता आली.

पण मी भरकटलो. जूनच्या आधी, पाऊस पडायच्या आत, दादा आणि मी दोघंही आत्याकडे गेलो. टेंपोत दोन मोठी पोती, त्यांत १२८ किलो तांदूळ, काट्यावर मोजलेला, चिठ्ठी लावलेली. आणि दादाने कुणाला न सांगता पायलीही सोबत घेतली होती. आत्या उंबऱ्यात उभी. बोलली नाही, पाण्याचे तांबे पुढे केले. दादाने तिच्या पाया पडून सांगितलं, “आत्ती, माझा मण चुकला. डायरीतला मण वेगळा आणि आजोबांचा वेगळा.”

“डायरी तुझ्या आजोबांना वाचता येत होती होय रे?” ती म्हणाली. मग पोत्याकडे बघून, “किती आहे?”

“एकशे अठ्ठावीस किलो.”

“किलोचं मला काय सांगतोस. पायली आणलीस नव्हे?”

दादाने पिशवीतून पायली काढून तिच्यासमोर ठेवली. आजोबांच्या अक्षरावरून तिने अंगठा फिरवला. पोत्याची शिवण उसवायला लावली, पायली स्वतः आत घातली. हात कापत होते, म्हणून दादाने खालून आधार दिला. शीग मोडू नये म्हणून ती क्षणभर थांबली, मग घमेल्यात ओतली आणि जुन्या रीतीने मोजायला सुरुवात केली.

“लाभ,” ती म्हणाली. आमच्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत.

दोन, तीन, चार करत सोळापर्यंत ती मोजत गेली. दुसरं पोतं तिने दादाला मोजायला लावलं. शेवटी पोत्याच्या तळाशी आणखी मूठभर तांदूळ उरला. तो तिने दादाच्या पिशवीत परत टाकला.